शंभरांत सत्त्याण्णव

समाजाच्या मनात काय चालले आहे हे जाणण्याची हौस राज्यकर्त्यांस असते, व्यापाऱ्यांस असते, आणि धर्माच्या कैवाऱ्यांस तर सर्वांहून अधिक असते. पूर्वी हे काम भाट आणि हेर करीत. आता ते अंकशास्त्रज्ञांकडे आले आहे. माणसाच्या दारी जावे, त्यास ठरीव प्रश्न विचारावे, मिळालेली उत्तरे कोष्टकात भरावी आणि शेकडा प्रमाण काढून राष्ट्राच्या अंतःकरणाचे वजन जाहीर करावे, अशी ही नवी विद्या आहे. तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. ज्या देशात प्रत्येक व्याख्याता 'आपला सामान्य माणूस' या शब्दांनी आरंभ करून त्या माणसाच्या तोंडी स्वतःचीच मते घालतो, त्या देशात सामान्य माणसास प्रत्यक्ष जाऊन विचारणारा कोणी निघाला, हा उपकारच समजला पाहिजे. परंतु विचारणाऱ्याने विचारले काय आणि ऐकणाऱ्याने ऐकले काय, हे पाहिल्यावाचून उत्तराचे मोल ठरत नाही. आणि टीकाकाराचे काम तेथूनच सुरू होते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन येथील प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने १७ नोव्हेंबर २०१९ पासून २३ मार्च २०२० पर्यंत भारतातील सुमारे ३० हजार प्रौढ स्त्रीपुरुषांच्या मुलाखती सतरा भाषांतून समक्ष घेतल्या आणि जून २०२१ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. देवावर विश्वास आहे काय, या प्रश्नास शेकडा ९७ लोकांनी होकार दिला. इतकेच नव्हे, तर बहुतेक धर्मांच्या अनुयायांत शेकडा ८० च्या आसपास लोकांनी आपली या बाबतीत तिळमात्र शंका नाही असे सांगितले. ठळक अपवाद एकच, तो बौद्धांचा. त्यांतील एक तृतीयांश लोक 'नाही' म्हणाले. त्या अपवादाकडे आम्ही शेवटी वळू. कारण सर्व अहवालात आम्हांस सर्वाधिक बोलका वाटला तो तोच.

असा आकडा हाती आला की दोन पक्षांस तो सारखाच सोयीचा होतो. एक पक्ष म्हणतो, दीडशे वर्षे सुधारकांनी घसा कोरडा केला, तरी शंभरांतले तीन देखील धड त्यांच्या मागे गेले नाहीत. हा देश देवाचाच आहे. दुसरा पक्ष कपाळावर हात मारून म्हणतो, शंभरांत सत्त्याण्णव आंधळे असतील तेथे दिवा लावून काय होणार? दोघांचे एका गोष्टीवर एकमत आहे: सत्त्याण्णव जणांनी एकाच गोष्टीस मान डोलावली आहे. आमचे म्हणणे असे की, हा आकडा खोटा नाही, पण ज्याचे माप म्हणून तो दाखविला जातो त्याचे ते माप नव्हे.

प्रथम हा प्रश्न कोठला रहिवासी आहे ते पाहू. गॅलप यांच्या संस्थेने तो अमेरिकेत १९४४ साली विचारला तेव्हा शेकडा ९६ लोकांनी होकार दिला होता. पुढच्या दोन दशकांत तो आकडा ९८ वर गेला. म्हणजे आज आपण ज्या संख्येचे आश्चर्य करीत आहो ती अमेरिकेने आपल्या आधी गाठली होती. त्याच संस्थेने तोच प्रश्न २०२२ साली विचारला, तेव्हा होकार शेकडा ८१ वर आला. गंमत पुढेच आहे. देव प्रार्थना ऐकतो आणि माणसाच्या कामात हात घालू शकतो, असे म्हणणारे एकंदर लोकांत शेकडा ४२ च निघाले. काहींच्या मते तो ऐकतो पण काही करू शकत नाही, आणि काहींच्या मते तो ऐकतही नाही. न ऐकणाऱ्या आणि न करणाऱ्या देवास 'आहे' म्हणणारा मनुष्य अमेरिकन कोष्टकात आस्तिक ठरतो. आमच्याकडच्या एखाद्या म्हातारीस असा देव दाखविला तर ती विचारील, 'मग तो हवा कशाला?'

आपल्या देशाचीही एक जुनी मोजणी आहे. गॅलप इंटरनॅशनल या दुसऱ्या संस्थेने (नाव सारखे असले तरी पहिलीशी हिचा संबंध नाही) २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत स्वतःस धार्मिक म्हणविणारे भारतीय शेकडा ८१ भरले. २००५ साली ते ८७ होते. ठाम नास्तिक म्हणविणारे शेकडा ३ होते. आता सरकारी खानेसुमारी घ्या. २०११ च्या गणतीत १२१ कोटींच्या या देशात धर्माच्या रकान्यात स्वतःस नास्तिक असे लिहविणारे सुमारे ३३ हजार निघाले. १२१ कोटींचे शेकडा ३ म्हणजे साडेतीन कोटींहून अधिक! लहान मुले वजा केली तरी कोट्यवधी आणि काही हजार यांत जे अंतर उरते ते मोजणाऱ्यांच्या गफलतीचे नव्हे. एकाने 'तुम्ही कसे आहात?' असे विचारले, दुसऱ्याने 'तुम्ही कोणाचे आहात?' असे विचारले. नास्तिक हिंदू आपला धर्म हिंदू सांगतो आणि त्यात त्यास काही विसंगत वाटत नाही. गोपाळ गणेश आगरकर आज असते तर त्यांचीही नोंद बहुधा तशीच झाली असती.

येथून आम्ही मूळ मुद्द्याशी येतो. तो मुद्दा एका क्रियापदाचा आहे.

मराठी माणूस देव 'मानतो'. देवावर 'विश्वास ठेवणे' हा प्रयोग आपण करतो, नाही असे नाही. पण घरात, बाजारात, भांडणात तोंडी येते ते 'मानणे'. आता या धातूचा संसार पाहा. आपण उपकार मानतो, आभार मानतो, हार मानतो, शकुन मानतो, वडीलधाऱ्यांचे म्हणणे मानतो, परक्यास भाऊ मानतो. उपकार मानणारा मनुष्य उपकार नावाची वस्तू जगात आहे असे प्रतिपादन करीत नसतो; तो आपल्यावरचे ओझे कबूल करीत असतो. परक्यास भाऊ मानणारास तो आपला सख्खा भाऊ नाही हे पक्के ठाऊक असते. किंबहुना ते ठाऊक असते म्हणूनच 'मानणे' हा शब्द लागतो. मानणे म्हणजे नाते पत्करणे, आणि त्या नात्याचे देणेघेणे अंगावर घेणे. 'आमच्यात हे मानीत नाहीत' असे जेव्हा घरातील वडील माणूस म्हणते, तेव्हा ते एखाद्या गोष्टीचे अस्तित्व नाकारीत नसते. आपल्या कुळाचा त्या गोष्टीशी व्यवहार नाही एवढेच सांगत असते.

म्हणूनच सामान्य माणसाचे देवाशी वर्तन हे एखाद्या सिद्धान्ताशी असावे तसे नसून आप्ताशी, सावकाराशी किंवा गावच्या पाटलाशी असावे तसे असते. नवस बोलला जातो तो अटी घालून, आणि काम झाले नाही तर फेडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. दक्षिण कोकणातील गावांत गावकीच्या वतीने एकजण ग्रामदेवतेपुढे मोठ्याने गाऱ्हाणे घालतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्यास 'होय महाराजा' म्हणून जोड देतात. तेथेच पाषाणास पाकळ्या लावून कौल घेतात, आणि तो मनाजोगा आला नाही तर पुन्हा घेतात. पाऊस लांबला की महादेवाचा गाभारा पाण्याने भरून देवास कोंडण्याची चाल अनेक गावांत होती. देव पाण्यात घालून बसणे हा वाक्प्रचार आपण सुशिक्षितही परीक्षेच्या किंवा निवडणुकीच्या निकालाविषयी सहज वापरतो. त्याच्या मुळाशी देवाची अडवणूक आहे, हे आपल्या ध्यानातही नसते. ज्याच्या असण्याविषयी शंका आहे त्याची कोणी अडवणूक करीत नाही. पण ज्याच्या असण्याविषयी आपली 'तिळमात्र शंका नाही' अशी घोषणा करावी लागते, त्याचीही अडवणूक कोणी करीत नाही. येथे शंका नाही आणि घोषणाही नाही. शेजाऱ्याच्या अस्तित्वावर आपला विश्वास आहे काय, असे कोणी विचारले तर आपण जसे गोंधळू, तसा तो गोंधळतो आणि, विचारणारा पाहुणा आहे, लांबून आला आहे, असे पाहून 'हो' म्हणतो.

सुशिक्षित कुटुंबांत या क्रियापदाचे आणखी एक रूप दिसते. 'तुमच्याकडे गणपती असतो काय?' हा प्रश्न भाद्रपदात आपण एकमेकांस विचारतो, आणि 'असतो, दीड दिवसाचा' असे उत्तर येते. हे 'असतो' तत्त्वज्ञाच्या 'आहे' हून किती निराळे आहे! ज्या घरी तो असतो त्या घरचा पदवीधर मुलगा आपण देव मानीत नाही असे पाहुण्यांस सांगत सांगत मखराचे दिवे जोडीत असतो, आणि त्याच्या सांगण्याने गणपतीच्या असण्यास किंवा मोदकांच्या संख्येस काही बाध येत नाही. या तरुणास कोणी ढोंगी म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. त्याने सिद्धान्त सोडला आहे, नाते सोडलेले नाही. आणि आपल्या परंपरेत या दोन गोष्टी वेगवेगळ्या सोडता येतात.

हे आमचेच पांडित्य आहे असे कोणी समजू नये. 'नास्तिक' हा शब्दच पाहा. पाणिनीच्या सूत्रावरील टीकाकार तो परलोक नाही म्हणणारास लावतात. मनुस्मृती तो वेदाची निंदा करणारास लावते. ईश्वर मानणे न मानणे हा दोघांचाही निकष नव्हे. म्हणून तर ईश्वरावाचून विश्वाची उपपत्ती लावणारे सांख्य आणि यज्ञकर्मातून ईश्वरास रजा देणारे मीमांसक, दोघेही आस्तिकांच्या पंक्तीस निर्वेधपणे बसतात. जैन धर्मास जगाचा कर्ता मान्य नाही, तरीही प्यूच्या अहवालात बहुसंख्य जैन देव मानणारे म्हणूनच नोंदले गेले आहेत. त्यांनी आपला धर्म सोडला असे मानावे, की प्रश्नकर्त्याचा 'देव' आणि त्यांचा 'देव' निराळा होता असे मानावे? आम्हांस दुसरा पर्याय सरळ वाटतो. इंग्रजी भाषेचेही पूर्वी असेच होते, असे विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी 'फेथ अँड बिलीफ' या १९७९ च्या ग्रंथात विस्ताराने दाखविले आहे: 'बिलीव्ह' या शब्दाचा मूळ अर्थ प्रिय मानणे, निष्ठा वाहणे असा होता, अमुक एक विधान खरे आहे असे मत असणे, हा अर्थ त्यास गेल्या काही शतकांत चिकटला. म्हणजे आज तेथून जो प्रश्न आपल्या दारी आला आहे तो त्यांच्याही पणजोबांस नीट कळला नसता.

गुणग्राहकपणे सांगितले पाहिजे की, प्यूच्या विद्वानांनी आपल्या प्रश्नाचे अपुरेपण उघडे करणारे प्रश्नही त्याच पोथीत ठेवले आहेत. देवावर विश्वास नसेल तर माणूस हिंदू राहतो काय, असे विचारता 'राहत नाही' म्हणणारे हिंदू शेकडा ४९ निघाले. गोमांस खाणारा हिंदू राहत नाही म्हणणारे शेकडा ७२. मुसलमानांतही तोच प्रकार: देव न मानणारास आपल्यातून वगळणारे शेकडा ६०, डुकराचे मांस खाणारास वगळणारे शेकडा ७७. सत्त्याण्णव टक्के लोक ज्या गोष्टीस होकार देतात, तीच गोष्ट निम्म्यांच्या मते धर्माच्या उंबरठ्यावर विचारलीही जात नाही. तेथे ताटात काय आहे ते पाहतात! पंगतीचा हा हिशेब ज्यांस ठाऊक आहे त्यांस या आकड्यांनी नवे काही शिकविले नाही. मात्र परक्या मापाने तोलून तेच आले, हे विशेष.

आणखी एक कोष्टक महाराष्ट्राच्या इतिहासाशी लावून वाचण्याजोगे आहे. हिंदूंपैकी शेकडा ६१ जणांनी देव एक, रूपे अनेक, असे उत्तर दिले. शेकडा २९ जणांनी देव एकच, असे म्हटले. देव अनेक आहेत म्हणणारे केवळ ७ निघाले. १८६७ साली मुंबईत प्रार्थनासमाज स्थापन झाला तेव्हा रानडे-भांडारकरांच्या मंडळीस या उत्तराची किती अपूर्वाई वाटली असती! परंतु त्याच अहवालात, आपणांस सर्वांत जवळचा देव कोणता, या प्रश्नास महाराष्ट्र, गुजरात आणि गोवे हा पश्चिम विभाग शेकडा ४६ च्या तोंडून 'गणपती' म्हणतो. एकेश्वरवाद हे आता सभ्य माणसाचे उत्तर झाले आहे. जवळीक मात्र सोंड असलेल्याशीच आहे. समाजाच्या उपासनागृहात माणसे फार आली नाहीत, त्याची भाषा मात्र घरोघर गेली.

आमच्या एकोणिसाव्या शतकातील वादांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांचे बळ आणि त्यांची मर्यादा दोन्ही कळतात. आगरकर मिल आणि स्पेन्सर यांच्या पाठशाळेतले. ईश्वर आहे किंवा नाही हे मानवी बुद्धीस कळणे शक्य नाही, ही त्यांची भूमिका. आणि १८८८ साली 'सुधारक' काढून त्यांनी ज्या निर्भयपणे ती जगली तिची बरोबरी करणारे आमच्यात थोडे झाले. तथापि त्यांचा प्रश्न 'आहे काय?' हा होता. जोतीराव फुले यांनी तो प्रश्न जवळजवळ विचारलाच नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'तला निर्मिक आहेच. पण त्याच्या आणि माणसाच्या मध्ये उभा राहून जकात घेणारा कोण, हा जोतीरावांचा प्रश्न होता. सामान्य माणसाच्या देवाशी असलेल्या नात्याचे मर्म आगरकरांहून जोतीरावांस अधिक उमगले होते, असे आमचे मत आहे. आणि आगरकरांवरील आमच्या भक्तीस ते मत आड येत नाही.

किंबहुना हे मर्म त्या दोघांच्याही फार आधी संतांस उमगले होते. जनाबाईने विठोबास शिव्या दिल्या आहेत. तुकोबांनी तर एका अभंगात आपल्यापुरता देव मेला असेच सांगून टाकले आहे. पाहणी करणारा गृहस्थ नेमका त्या दिवशी देहूस गेला असता तर त्याने कोणत्या रकान्यात खूण केली असती? तुकोबांचा देवावरचा विश्वास उडाला होता, पण देव उडाला नव्हता. मेलेल्याशीच त्यांचे भांडण चालू होते. 'विश्वास उडणे' हा आपला शब्दप्रयोगही हेच सांगतो: विश्वास मित्रावरचा उडतो, दिवाणावरचा उडतो, तो मनुष्य नाहीसा होत नाही, त्याची पत नाहीशी होते.

आधुनिक मराठी साहित्याने या नात्याची कदर केली काय? फारशी नाही, असे खेदाने म्हणावे लागते. आमच्या कथा-कादंबऱ्यांत सामान्य माणसाचा देव दोन साच्यांतून येतो. एका साच्यात तो अंधश्रद्धा असतो: भगत, अंगारा, कोंबडे, आणि शेवटी डॉक्टर. दुसऱ्यात तो भाबडी श्रद्धा असतो: समईचा मंद उजेड, आजीची सुरकुतलेली बोटे, आणि लेखकाच्या डोळ्यांत पाणी. पहिल्यात लेखक त्या माणसाच्या वर उभा असतो आणि दुसऱ्यातही वरच उभा असतो. फक्त चेहरा बदललेला असतो. समोरचा मनुष्य देवाशी हिशेब करीत आहे, त्यात लबाडी आहे, भीती आहे, विनोद आहे, कृतज्ञता आहे, आणि हे सर्व एका वेळी आहे, असे ज्यास दिसले असे लेखक थोडे.

इरावती कर्वे त्या थोड्यांत मोडतात. पंढरीच्या वारीत त्या स्वतः चालल्या, आणि समाजशास्त्रज्ञाची नजर न मिटता चालल्या. ओव्या-अभंग एकत्र म्हणणाऱ्या, सुखदुःख एकमेकींस सांगणाऱ्या बायका जेवायला मात्र जातवार बसतात, हे त्यांनी पाहिले, त्यांस ते बोचले, आणि तरीही वारीचा आनंद त्यांनी खोटा ठरविला नाही. पुढे 'गंगाजल' या संग्रहातल्या एका लेखात त्यांनी विठोबाचा उल्लेख आपला 'बॉय-फ्रेंड' असा केला. काही वाचकांस तो पाचकळपणा वाटला असेल. आम्हांस तो जनाबाईच्या घराण्यातला वाटतो. या बाई आस्तिक होत्या की नास्तिक, हा प्रश्न त्यांचा लेख वाचताना सुचत नाही, हीच त्या लेखाची थोरवी.

चित्रपटाचा उल्लेख या पृष्ठांत क्वचित् होतो. पण उमेश कुलकर्णी यांचा २०११ चा 'देऊळ' वगळून चालणार नाही. गाय शोधीत गेलेल्या एका साध्या पोरास माळावर दत्ताचा दृष्टान्त होतो, आणि पाहता पाहता गावाची बाजारपेठ होते. पोराचे पाहणे खरे आहे. गावाचा उत्साहही, त्याच्या परीने, खरा आहे. इतकेच की पहिले नाते देवाशी आहे आणि दुसरे गिऱ्हाइकाशी. सबंध चित्रपटात देव आहे की नाही हा वाद कोणी नेटाने घालीत नाही. देऊळ हवे की दवाखाना, हा वाद असतो. अहवालाच्या कोष्टकात तो पोर, पुढारी आणि दुकानदार तिघेही सत्त्याण्णवांत जातील, आणि त्यांतला फरक सांगणे हे काम कोष्टकाचे नव्हे, साहित्याचे आहे.

चळवळीतल्या माणसांस मात्र हा फरक ओळखावाच लागतो. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापणारे नरेंद्र दाभोलकर स्वतः विवेकवादी. तथापि समितीची देव-धर्माविषयीची भूमिका त्यांनी तटस्थतेची ठेवली आणि रोख फसवणुकीवर व शोषणावर धरला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याने जो कायदा केला तोही ठरावीक अघोरी कृत्यांस शासन करतो. देव मानण्या न मानण्यास तो हात लावीत नाही. काही कडव्या बुद्धिवाद्यांस ही तटस्थता पळवाट वाटते. आम्हांस ती लोकांच्या भाषेची जाण वाटते: विवाद नात्याच्या गैरफायद्याविषयी आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आता त्या अपवादाकडे वळू. २०११ च्या गणतीप्रमाणे भारतात ८४ लक्ष बौद्ध होते आणि त्यांतले ६५ लक्ष एकट्या महाराष्ट्रात. म्हणजे 'नाही' म्हणणारा तो एक तृतीयांश हा बहुतांशी मराठी आहे, आणि त्याच्या नकारामागे एक मराठी इतिहास आहे. तो स्पेन्सर वाचून आलेला नकार नव्हे. चोखामेळ्यास पंढरीच्या देवळात पाऊल टाकता आले नाही. त्याची समाधी महाद्वारासमोर, बाहेरच, आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळारामाच्या दारी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाने सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षे रेंगाळला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. पंढरपूरचे दार साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण करून उघडविले, ते चांगलेच झाले. पण तोवर पुष्कळांचे आत जाण्याचे मन उरले नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धर्मांतर झाले आणि बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या गेल्या.

त्या प्रतिज्ञांचे क्रियापद वाचकांनी अवश्य पाहावे. ब्रह्मा-विष्णु-महेश नाहीत, असे त्यांत म्हटलेले नाही. त्यांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही, असे म्हटले आहे. कोलंबियात आणि लंडनात शिकलेल्या, ईश्वराच्या अस्तित्वाचे सर्व युक्तिवाद जिभेवर असलेल्या पंडिताने लाखो लोकांपुढे नकार ठेवला तो अस्तित्वाचा नव्हे, नात्याचा. ज्या देवाने शतकानुशतके आपणांस मानले नाही, त्यास आपणही मानणार नाही. आणि हे ज्यांनी म्हटले त्यांना मानण्याची दुसरी बाजूही पुरती ठाऊक होती; कारण ज्या लोकांनी देव मानला त्यांनीच विटाळही मानला, आणि दोहोंस मराठीत क्रियापद एकच आहे. विटाळ नावाची वस्तू जगात कोणी पाहिली आहे? तरी तिने माणसे देवळाबाहेर ठेवली, पाणवठ्याबाहेर ठेवली. देव मानणाऱ्यांच्या संख्येने हरखून जाणारांनी विटाळ मानणाऱ्यांचीही संख्या त्याच भक्तिभावाने मोजून पाहावी.

अहवालात नकार देणारा माणूस इतरत्र विरळाच भेटतो. येथे तो मोठ्या समूहाने उभा आहे, आणि तो बहुतांशी गरिबांचा, एके काळी अस्पृश्य गणलेल्यांचा समूह आहे. नास्तिक्य हे पोट भरलेल्या, इंग्रजी शिकलेल्या मूठभरांचे खूळ, असे म्हणणारांस हा एक तृतीयांश जड जाणारा आहे.

राहता राहिले उरलेले दोन तृतीयांश. बुद्धाच्या धर्मात कर्ता ईश्वर नाही, बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत, तरी त्यांतल्या बहुतेकांनी होकार कसा दिला? जुनी दैवते काही घरांत मागच्या दाराने राहिली असतील. काहींनी देव या शब्दाने सचोटी किंवा भलेपणा एवढाच अर्थ घेतला असेल. पण विदर्भात किंवा मुंबईच्या चाळीत अशा घरी गेलेल्या कोणासही आणखी एक गोष्ट दिसते. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर असते, तिला ताजा हार असतो, पुढे मेणबत्ती असते. तुम्ही काय मानता, असे तेथे विचारले तर देव आहे किंवा नाही असे उत्तर येत नाही. 'आम्ही बाबासाहेबांना मानतो,' असे उत्तर येते. आणि प्रश्नपत्रिका घेऊन आलेला गृहस्थ आपल्या कोष्टकात त्यासाठी रकाना शोधू लागतो.